लग्नाच्या व्हिडिओसाठी ४ टीबी हार्ड डिस्क आणि १ टीबी एसएसडी: पूर्ण सीझन वापरल्यानंतर

तुळशीचं लग्न झालं की आमच्या धंद्याला जी सुरुवात होते ती मे संपेपर्यंत दम खाऊ देत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं एडिटिंगचं काम आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, अधूनमधून एखादं संमेलन. या सीझनच्या आधी मशीनमध्ये दोन गोष्टी घातल्या: ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी) ४ टीबी हार्ड डिस्क आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली, खूप वेगवान डिस्क). १ टीबी म्हणजे १००० जीबी. "किती जागा घेऊ?" असं नवीन पोरं सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

बहुतेक जण कॅमेऱ्याच्या कार्डात किती भरलंय ते बघून डिस्क घेतात. कार्डातला माल म्हणजे निम्माच हिशोब. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेला ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. दोन कॅमेऱ्यांचं मिळून आठ तास फुटेज धरा, हळदीपासून वरातीपर्यंत तेवढं सहज होतं. झाले ३६० जीबी. मशीनवर ४के नीट चालावं म्हणून मी फुलएचडी प्रोरेस प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत; प्रोरेस हा एडिटिंगचा फॉरमॅट) करतो, ती तासाला साधारण १७ जीबी, म्हणजे आणखी १३५ च्या पुढं. दोन तासांचा फायनल मास्टर प्रोरेस ४२२ मध्ये काढला की ११० जीबी. वर रेंडर कॅशे (सॉफ्टवेअरनं तयार करून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल्स), ऑडिओच्या फाइल्स, अल्बमचे फोटो. एक लग्न ७०० जीबीला टेकतं. मूळ फुटेजच्या दुप्पट जागा लागतेच, इफेक्ट जास्त असतील तर अडीचपट धरा.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. काही गायब झालेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यातली पाचवा हिस्सा जागा मी कायम मोकळी ठेवतो, म्हणजे एकावेळी चार लग्नं बसतात. मोकळी ठेवण्याला कारण आहे. डिस्क बाहेरच्या कडेकडून भरत जाते आणि आतल्या भागात वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. सुरुवातीला मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला २०० एमबीच्या आसपास मिळायचे, डिस्क भरत आली तसा आकडा उतरत गेला. एडिटिंगला मात्र त्याचा फार त्रास नाही. दोन कॅमेऱ्यांचं ४के एकदम चाललं तरी सेकंदाला २५ एमबीच लागतात. खरा त्रास होतो तो डिस्कच्या हेडला (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सुईला) एकाच वेळी चार ठिकाणी पळावं लागतं तेव्हा. प्रॉक्सी आणि कॅशे एसएसडीवर हलवल्यापासून मल्टीकॅम (सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकदम चालवणं) अडकायचं थांबलं. या खरेदीतला सगळ्यात मोठा फायदा मी हाच मानतो.

हार्ड डिस्क घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या: सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. साठवून ठेवायला ती ठीक, पण रोज शेकडो जीबी लिहायचे आणि पुसायचे असतील तर लिहिण्याचा वेग मध्येच कोसळतो. माझी सीएमआर आहे आणि अख्ख्या सीझनमध्ये तिनं एकदाही असं केलं नाही.

आता डीव्हीडी. पेनड्राइव्ह सगळ्यांनाच हवा असतो, पण कागल, गडहिंग्लज, शाहूवाडीकडची घरातली वडीलधारी माणसं अजून म्हणतात, "भावा, दोन डीव्हीडी पण राईट करून दे की." साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, विंडोजच्या हिशोबानं ४.३७. दोन तासांचं लग्न बसवायचं तर व्हिडिओ ४.८ एमबीपीएसच्या आसपास ठेवावा लागतो. एकाच तासाचा कार्यक्रम असेल तर ८ पर्यंत जाता येतं आणि साडीच्या काठावरची जर स्वच्छ दिसते. म्हणून मी मोठी लग्नं दोन डिस्कवर देतो, कोंबत नाही. जागेचं म्हणाल तर एका डिस्कमागं एमपेग-२ फाइल (डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट), मेनूसकट तयार झालेला फोल्डर आणि आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत), असे तिन्ही मिळून १३ जीबी लागतात. डबल लेयर ८.५ जीबीची असेल तर २५ च्या पुढं. बरीच सॉफ्टवेअर ही तात्पुरती फाइल गुपचूप सी ड्राइव्हवर करतात. सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डर मोठ्या डिस्कवर वळवा, नाहीतर सी भरून राईटिंग अर्ध्यात थांबतं. मी ८एक्स (मूळ वेगाच्या आठपट) वेगानं राईट करतो आणि व्हेरिफाय केल्याशिवाय (लिहिलेलं नीट आहे का ते तपासल्याशिवाय) डिस्क कव्हरमध्ये घालत नाही. आयएसओ मात्र पुसत नाही. साडेचार जीबीला काय होतंय? वर्षानं कुणी दुसरी प्रत मागितली तर लगेच देता येते.

बॅकअपसाठी बाहेरची ८ टीबी डिस्क आहे. यूएसबी ३ ला लावली तर एका लग्नाचं फुटेज पाऊण तासात जातं. चुकून जुन्या यूएसबी २ पोर्टला लावाल तर तीन तास. ती डिस्क मी मेव्हण्याकडं शहराबाहेर उजळाईवाडीला ठेवतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. लोकांचं लग्न परत शूट करता येत नाही, त्यामुळं दोन्ही प्रती एकाच इमारतीत ठेवायला माझा जीव धजत नाही. यूपीएसही (लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी) तितकाच गरजेचा. रेंडर (फायनल व्हिडिओ तयार होणं) चालू असताना लाईट गेली तर नुसता वेळच नाही, फाइलही जाते.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर हार्ड डिस्क हीच घेईन, एसएसडी मात्र २ टीबीची. १ टीबीवर दोन लग्नांच्या प्रॉक्सी, कॅशे आणि सॉफ्टवेअर मावतात, तिसरं काम आलं की कॅशे पुसत बसावं लागतं. आणि एप्रिल-मे मध्ये तिसरं काम येतंच.