ऑनलाइन भाड्याने घेतलेला पिक्चर कॉपी करून देणारं सॉफ्टवेअर, २ स्टार

"भाड्याचा पिक्चर कायमचा ठेवा, पर्सनल युज असेल तर १०० टक्के लीगल" अशी जाहिरात करतात, नाव घेत नाही. पिक्चर उतरतो, क्वालिटी झक्कास, पण सबटायटल गायब आणि आवाज ओठांच्या मागे धावतो. आता लीगलचं बघा, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला सूट आहे हे खरं, पण २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं, हक्क मोडायच्या इराद्याने डीआरएमचं (कॉपी रोखणारं डिजिटल) कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, शिवाय भाडं म्हणजे प्ले दाबल्यावर बहुतेकदा ४८ तास, तेवढ्याचेच पैसे दिलेत ना भाऊ! मग १०० टक्के कसलं डोंबलाचं? रिफंडच्या मेललाही उत्तर नाही.