जुन्या सागवानी कपाटाला चॉक पेंट की ऑइल पेंट?

लाकूड ठणठणीत आहे, वरचा रंग तेवढा गेलाय, आणि पेंटरला न बोलावता पहिल्यांदाच स्वतः हात घालायचाय, अशांसाठी हे लिहितोय. परभणीत मी दोन्ही करून पाहिलं. आधी एक टेबल ऑइल पेंटनं, मग आजोबांचं जाळीचं कपाट चॉक पेंटनं, म्हणजे खडूसारखा मॅट दिसणाऱ्या रंगानं. किनवटकडच्या सागाचं आहे ते. (लाकडाच्या रेघा दिसायला हव्या असतील तर लाखेच्या स्पिरिट पॉलिशसारखं दुसरं काही नाही. पण त्यासाठी जुना रंग मुळापासून काढावा लागतो, म्हणून तो विषय बाजूला ठेवतो.)

ऑइल पेंट टिकाऊ आहे, यात शंका नाही. पाणी सांडलं, पुसलं, झालं. ज्या तिवईवर माठ ठेवायचा तिला मी आजही तोच देईन.

पण तो वाळेपर्यंत काय करायचं? टेबल मी वैशाखात ओसरीवर रंगवलं. चारच्या सुमारास वावटळ उठली आणि ओल्या फळीवर रानातली काळी माती बसली ती बसलीच. घासून पुन्हा हात मारला, या वेळी आतल्या खोलीत, दार लावून. टर्पेंटाइनच्या वासानं आईला रात्रभर झोप नाही आणि सकाळी पाहतो तर दिव्याचे किडे रंगात अडकलेले. तिसऱ्यांदा पुन्हा पॉलिश पेपर हातात घेतला, तेव्हा आई म्हणाली, "कशाला इतका जीव काढायलास रे?" त्या टेबलावर हात फिरवला की अजून खरखर लागते. चांगल्या लाकडाचं असं झालेलं मला बघवत नाही.

चॉक पेंट ॲनी स्लोन या रंगकामातल्या जाणकार बाईंनी १९९० साली इंग्लंडमध्ये काढला. तो पाण्यातला आहे, वास जवळजवळ नाही, आणि आपल्या उन्हात माझ्याकडे अर्ध्या-पाऊण तासात हाताला लागेनासा झाला. सकाळी सहाला सुरू केलं, नऊच्या आत दोन हात झाले. दुपारची धूळ आली ती फडक्यानं झटकली. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

दुसरा फायदा तब्येतीचा. याला आधी फारसं घासावं लागत नाही. घरगुती रंगात विषारी शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजोबांच्या वेळच्या रंगात किती असेल कोण जाणे. घरात लहान मूल असेल तर तो रंग कोरडा घासूच नका. सुटलेले पोपडे तेवढे पाणी लावून वॉटर पेपरनं काढा आणि तो चिखल फडक्यानं टिपून टाकून द्या.

याचेही त्रास आहेत. सागातला तपकिरी रस पांढऱ्या रंगातून वर येतो. माझ्या पहिल्या हातावर चहा सांडल्यासारखे डाग उमटले. स्पिरिटमध्ये चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) विरघळवून एक हात दिला, तेव्हा ते थांबले. तुम्ही हा हात आधीच देऊन टाका. ऊन चढल्यावर रंग ब्रशवरच घट्ट होतो, म्हणून दहानंतर डबा उघडू नये. वरून मेण लावावं लागतं, तेही अगदी पातळ. जुन्या धोतराच्या फडक्यानं लावा, जाड झालं तर उन्हाळाभर चिकटतं. मेण पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर गरम भांडं टेकवू नका.

तयार डबा महाग पडतो, हे खरं. आधी मागच्या फळीवर हात बसवायचा असेल तर तसा रंग घरीच करा: तीन भाग इमल्शनमध्ये (भिंतीच्या पाण्यातल्या रंगात) एक भाग व्हायटिंग पावडर, म्हणजे खडूची पूड, पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून घाला. प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर आळतं, म्हणून मी ते टाळलं.

आता देवघर घ्यायचंय. तिथं तेल-कुंकू सांडणारच, मेण पुरणार नाही असं वाटतं. रंग चॉक पेंटच, पण वरून पाण्यातलं मॅट वॉर्निश देणार आहे.