मदरबोर्ड गेला म्हणून ७,८०० घेतले, दुरुस्ती खोडरबराने केली

लिहायला लाज वाटते. १९९८ पासून टॅलीवर हिशेब लिहितोय. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या पॉवरलूमवाल्यांचे जीएसटीचे कागद माझ्याकडे असतात. बिलाशिवाय पैसे देऊ नका, हे मीच लोकांना सांगतो. आणि मीच बिलाशिवाय ७,८०० रुपये मोजून घरी आलो.

२०२५ च्या १८ नोव्हेंबरला सकाळी लॅपटॉप सुरू होईना. २०१६ चा आहे, म्हातारा, पण कालपर्यंत चालत होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी. आतून बीप-बीप, जरा थांबून परत बीप-बीप. चार्जर काढून बटण वीस सेकंद दाबून धरलं. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर काही दिसतं का बघितलं. काही नाही. २० तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायची होती. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, आणि माझ्या पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं, अकरा. तेव्हा ‘अजून दोन ठिकाणी विचारायचं होतं’ हे आता मला कोणी सांगू नका. घरात रोज ऐकतोय.

बाजारातलं एक दुकान, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. पोरगा तिशीतला, बोलायला गोड. मीटरची पिन कुठंतरी टेकवली, मीटर टुंई वाजला. “काका, मदरबोर्ड गेलाय. शॉर्ट दाखवालाय बघा.” चिप लेव्हलचं काम ५,५००, विंडोज ८००, डेटा वाचवायचे १,५००. वर म्हणतो, “विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला की ओ, त्यामुळं बी असं व्हालंय.” तारीख खरी, बाकी सगळी थाप. सपोर्ट संपला म्हणजे अपडेट यायचे थांबतात, लॅपटॉप काळा पडत नाही. आणि मदरबोर्ड गेला तर डेटा कशाला वाचवायचा? डेटा एसएसडीत, म्हणजे साठवणुकीच्या वेगळ्या भागात असतो, ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की झालं. हे मला कळत होतं. तरी मान डोलावली. माझ्यासमोर उघडा म्हटलं, तर म्हणाला, “इथं धूळ आहे काका, आत लॅबमध्ये उघडतो. ठेवून जावा.”

ठेवून गेलो. ३,००० फोनपेवर, उरलेले ४,८०० दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोख. बिल मागितलं तर “जीएसटी लावू का? १८ टक्के वाढतील.” जीएसटीचं काम करणारा माणूस मी, आणि ‘राहू दे’ म्हणालो.

आता ते, ज्यासाठी मी स्वतःला माफ करत नाही. घरी आणून लॅपटॉप टेबलावर ठेवला, सुरू केला, आणि आतून बारीक घुर्र आवाज आला. मधेच एक कट्. मी कान लावून ऐकला. २०२३ मध्ये मी त्यात ४८० जीबीची एसएसडी बसवली होती, २,६५० रुपयांची. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला आवाज नसतो. दोन वर्षं हा लॅपटॉप मुका होता. तो घुरघुरतोय हे मला ऐकू आलं, आणि मी ठरवलं की पंखा साफ केल्यामुळे जोरात फिरत असेल. सुरू व्हायला चार मिनिटं लागली, तर म्हटलं नवीन विंडोज आहे, बसेल हळूहळू. माणसाला पटवून घ्यायचंच असलं की कसलंही कारण पुरतं. तसाच उठलो असतो तर दुकान उघडं होतं, वस्तूही तिथंच होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचा हुबळीहून आला, इंजिनिअरिंगला आहे. “मामा, हे काय घुरघुरतंय?” क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं: एसएसडीच्या जागी ५०० जीबीची हार्डडिस्क, २१ हजारांहून जास्त तास चाललेली. रॅम १२ जीबीची ४ झालेली. मी घातलेली ८ जीबीची पट्टी, १,७५० रुपयांची, गायब. तेव्हा रॅमचे भाव चढले होते, म्हणून तीही सोडली नाही. मग त्याने खालचं झाकण काढलं. मदरबोर्डवर धुळीचा थर जसाच्या तसा, बोटसुद्धा लागलेलं नाही. आणि रॅमच्या खाचेत खोडरबराचा गुलाबी भुगा. आपल्याकडच्या पावसाळ्यातली ओल, पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर चढतो, संपर्क तुटतो. पट्टी काढून पुसून बसवायची, काम संपलं. भाचा म्हणाला, बीप येत होते म्हणजे बोर्ड जिवंत होता, रॅम सापडत नाही म्हणून ओरडत होता. पाच रुपयांचं खोडरबर. माझे गेले ७,८०० अधिक २,६५० अधिक १,७५०, म्हणजे १२,२००.

पैशाचं सोडा. त्या एसएसडीत अकरा पार्ट्यांचे पॅन, बँकेचे उतारे, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आहेत. प्रत्येकाला फोन करून हे सांगावं लागलं. एकाने काम काढून घेतलं. लॅपटॉप दुरुस्तीला देताना एसएसडी काढून खिशात घाला. नाही जमलं तर निदान आतल्या भागांच्या नंबरांचे फोटो काढा आणि पावतीवर लिहून घ्या. माझ्या पावतीवर काय आहे? ‘लॅपटॉप १, नॉट वर्किंग.’ दुकानदार म्हणतो, “तुम्ही आणला तेव्हा आत हेच होतं.”

पोलीस ठाण्यात गेलो तर सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सगळे बंदोबस्तावर. “नाळी बर्री,” म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर अर्ज कन्नडमध्ये आणा. माझं कन्नड बाजारहाटापुरतं, शेजारच्या मास्तरांकडून दोन पानं लिहून घेतली. तिसऱ्या खेपेला साहेबांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाले, वस्तू तुम्हीच नेऊन दिली की, मग चोरी कशी? सिव्हिल मॅटर. वकील म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, विश्वासघात, सरळ बसतं. साहेबांना ते सांगितलं तर म्हणाले, मग वकिलांकडेच जा. सायबरवाल्यांनी ऑनलाइन व्यवहार नाही म्हणून परत पाठवलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, तिथंही तेच. फोनपेवर गेलेले ३,००० ऑनलाइन नाहीत तर काय आहेत? पण ते मी स्वखुशीने दिलेत म्हणे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरच्या बाई तेवढ्या नीट बोलल्या: जिल्हा ग्राहक आयोगात जा, ५ लाखांपर्यंत फी नाही. आयोगातला कारकून पहिलाच प्रश्न विचारतो, बिल कुठाय?

तक्रार दिलीय, फोनपेचा पुरावा आणि भुग्याचे फोटो जोडून. रोख दिलेत ते ४,८०० धरू नका, असं वकिलांनी आधीच सांगितलंय. रोख देऊच नका.

परवा त्या दुकानाखालून चाललो होतो. दोन कॉलेजच्या मुली लॅपटॉपची बॅग घेऊन जिना चढत होत्या. राहवलं नाही, हाक मारून म्हटलं, पोरींनो, आधी एसएसडी काढून घ्या, समोर उघडायला लावा. एकीने मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही कुठल्या दुकानाचे?”