वाचनालयाचं अ‍ॅप लिनक्सवर पोचवायचंय: डेब, अ‍ॅपइमेज, स्नॅप की फ्लॅटपॅक?

समजा तुम्ही वाचनालयासाठी एक छोटं डेस्कटॉप अ‍ॅप लिहिलंय, पुस्तकांची नोंद, सभासदांची वर्गणी, कोणी काय नेलं नि परत कधी आणायचं एवढंच, आणि आता ते गोव्यातल्या फोंडा, डिचोली, वाळपई, काणकोणच्या वाचनालयांत लावायचंय. मशीन सगळीकडे वेगळ्या. लिनक्सच, पण प्रकार निराळे: कुठे मिंट, कुठे उबुंटू, कुठे कोणीतरी डेबियन टाकून दिलाय. पॅकेज, म्हणजे मशीनवर टाकायला अ‍ॅप ज्या स्वरूपात बांधून देतो ते, कुठलं यावर चर्चा निघाली की लोक फाइल केवढी नि उघडायला वेळ किती यावरच भांडत बसतात, पण माझ्या मते पहिला प्रश्न हा की त्या मशीनवर अपडेट कोण करणार. ग्रंथपाल बाई टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडणार नाहीत, आणि त्यांनी उघडावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

डेब घ्या, म्हणजे डेबियन, उबुंटू नि मिंटचं नेहमीचं पॅकेज. मशीन सगळ्या एकाच व्हर्जनच्या असतील तर याच्यासारखं सुख नाही, फाइल लहान, सिस्टीमच्याच लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरते, प्रिंटर, फॉन्ट, कीबोर्ड सगळं निमूट चालतं. व्हर्जन वेगळी झाली की मात्र त्रास सुरू. ग्लिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सिस्टीमची मूळ लायब्ररी, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६ आणि उबुंटू २४.०४ वर २.३९, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर बिल्ड केलेलं, म्हणजे कोडपासून बांधलेलं अ‍ॅप, जुन्या मशीनवर ग्लिबसीचा एरर देऊन उघडतच नाही असं होऊ शकतं. बिल्ड नेहमी सगळ्यात जुन्या सिस्टीमवर करायचं, मग बहुतेक वेळा नव्यावर चालतं. पायथन असेल तर तिथेही तीच कथा, या तिन्हींवर अनुक्रमे ३.१०, ३.११ आणि ३.१२. शिवाय डेबमधल्या इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन चालतात, म्हणजे बाई पासवर्ड टाकतात तेव्हा अख्खी मशीन तुमच्या हवाली करतात, ही जबाबदारी लहान नाही. आणि स्वतःची सही केलेली एपीटी रिपॉझिटरी (जिथून मशीन अपडेट उचलते तो ऑनलाइन साठा) चालवणार नसाल तर प्रत्येक अपडेटला पेन ड्राइव्ह घेऊन तुम्हीच काणकोणला जाणार.

अ‍ॅपइमेजचं मूळ २००४ च्या ‘क्लिक’ नावाच्या प्रोजेक्टमध्ये आहे. एक फाइल, इन्स्टॉल नाही, रूट नाही, प्रॉपर्टीजमध्ये एक्झिक्यूटला टिक केली की झालं. दाखवायला, ट्रायल द्यायला एकदम मस्त. पण पूर्वीच्या पद्धतीने बनवलेल्या फाइलींना लिबफ्यूज २ नावाची लायब्ररी लागते आणि ती उबुंटू २२.०४ पासून डीफॉल्ट येत नाही, मग डबल क्लिक केलं तरी काहीच होत नाही नि फोन तुम्हाला येतो. इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप लिहायची चौकट) लिहिलं असेल तर उबुंटू २४.०४ मध्ये यूजर नेमस्पेसवर, म्हणजे सँडबॉक्स (अ‍ॅपला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) ज्यावर उभा राहतो त्या सोयीवर, अ‍ॅपआर्मर या सुरक्षा व्यवस्थेने निर्बंध आणलेत, तिथे सँडबॉक्सचा एरर येऊ शकतो. यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती जुन्या फाइलींची. अपडेटची माहिती तुम्ही मुद्दाम आत घातली नाहीत तर अपडेट नाहीच, डेस्कटॉपवर ‘वाचनालय १’, ‘वाचनालय २’, ‘वाचनालय नवीन’ अशा फाइली पडून राहतात, आणि नव्या व्हर्जनने डेटाबेसची रचना बदललेली असताना कोणी जुनी फाइल उघडली तर सगळ्या वर्षाच्या नोंदी धोक्यात. असा डेटा जिथे आहे तिथे मी अ‍ॅपइमेज कायमची ठेवणार नाही.

स्नॅपबद्दल थोडक्यात. अपडेट आपोआप, दिवसातून चार वेळा तपासतं, उबुंटूवर आधीच असतं, म्हणून सगळी वाचनालयं उबुंटूवर असती तर मी गंभीरपणे विचार केला असता. पण लिनक्स मिंटने २०२० मधल्या मिंट २० पासून ते डीफॉल्ट अडवलंय, स्टोअर एकच नि ते उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं, आणि पेन ड्राइव्ह वाचण्याची परवानगी आपोआप जोडली जात नाही. बॅकअप पेन ड्राइव्हवर घेणाऱ्या वाचनालयात हे अडणारच.

फ्लॅटपॅकचं १.० व्हर्जन २०१८ चं. यात अ‍ॅप रनटाइमवर (लायब्ररींचा तयार संच, तो वेगळा उतरतो) उभं राहतं, त्यामुळे खालचा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठला याने फारसा फरक पडत नाही, तुमचं बिल्ड एकच. फाइल उघडताना पोर्टलची, म्हणजे सिस्टीमची फाइल निवडायची खिडकी येते, बाई पेन ड्राइव्हवरची जागा निवडतात तेवढीच परवानगी अ‍ॅपला मिळते, बॅकअपचा प्रश्न मिटला. मिंटमध्ये फ्लॅटहब हे फ्लॅटपॅकचं स्टोअर तयारच असतं आणि २१.१ पासून अपडेट मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅकचे अपडेटही दिसतात. उबुंटूवर मात्र फ्लॅटपॅक आधी टाकावं लागतं. खर्च पहिल्या डाउनलोडचा, रनटाइम काहीशे एमबीचा, आणि सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावात पावसाळ्यात वीज नि नेट दोन्ही लपंडाव खेळत असताना ते खाली उतरवणं म्हणजे अख्खी दुपार गेली. त्यासाठी ‘फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी’ कमांड आहे, अ‍ॅप आणि रनटाइम दोन्ही पेन ड्राइव्हवर भरून नेता येतात, फक्त रिमोटला (ज्या ऑनलाइन साठ्यातून अ‍ॅप येतं त्याला) कलेक्शन आयडी ही ओळख लावलेली हवी. आणि एक काम तुमच्या मानेवर राहतं: फ्रीडेस्कटॉप या प्रोजेक्टचा रनटाइम दरवर्षी ऑगस्टमध्ये नवा येतो, जुन्याला साधारण दोन वर्षं सपोर्ट, त्याआधी अ‍ॅप नव्यावर न्यायलाच हवं.

कुठलंही घ्या, रिकाम्या मशीनवर देवनागरी टाइप करून बघा. पॅकेजमध्ये इनपुट मेथडचं (मराठी टाइप करू देणाऱ्या सोयीचं) प्लगइन राहून गेलं तर इंग्रजी छान येतं आणि पुस्तकाचं नाव मराठीत लिहायला गेलं की काही उमटतच नाही. हे अ‍ॅपइमेजमध्ये क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरताना जास्त घडतं. जोडाक्षरं, रफार, ‘र्‍या’ हे सगळं पावतीच्या प्रिंटवरही बघा, स्क्रीनवर बरोबर दिसतंय म्हणून सोडू नका.

माझी निवड फ्लॅटपॅक, चवथीच्या सुट्टीआधी दोनच वाचनालयांत लावायचं, एक मिंटवालं, एक उबुंटूवालं, आणि एक अपडेट आपल्या मदतीशिवाय उतरतं का ते बघायचं. जिथे सगळ्या मशीन एकाच डेबियनच्या आहेत नि संगणकाचं बघणारा माणूस आहे तिथे डेब द्या, त्यांना तेच सोयीचं पडेल.