ओपनएपीआय जनरेटर आणि मॅपस्ट्रक्ट: ऊसबिलाच्या कामात चौदा महिने

एका सहकारी साखर कारखान्याची ऊसबिलाची प्रणाली आम्ही तिघं सांभाळतो. भाषा जावा, तिच्यावर स्प्रिंग बूट हा सांगाडा, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. ऑक्टोबर २०२४ मध्ये, गाळप तोंडावर आलेलं असताना, आम्ही तांत्रिक कोड हाताने लिहिणं थांबवलं आणि तो ओपनएपीआय जनरेटर (एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या, वर्णनातून कोड बनवणारं साधन) व मॅपस्ट्रक्ट (एका क्लासमधली माहिती दुसऱ्यात नेणारा कोड बनवणारं साधन) यांच्याकडून तयार करून घ्यायला लागलो. एक हंगाम पूर्ण झाला, दुसरा चालू आहे. आता अनुभव लिहायला हरकत नाही.

आधी काय होतं ते सांगतो. एफआरपीचा, म्हणजे उसाला द्यायच्या रास्त आणि किफायतशीर दराचा, नियम तसा छोटा. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये, त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जास्त, आणि उतारा ९.५ च्या खाली गेला तरी दर ३१५.१० च्या खाली येत नाही. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा. पण आमच्याकडे हा नियम अकराशे ओळींच्या एका सर्व्हिस क्लासमध्ये विखुरला होता. मध्ये जेसन (आलेली माहिती) वाचणं, नल (रिकामी मूल्यं) तपासणं, लॉग, ट्रान्झॅक्शन, पुन्हा दोन ओळी नियमाच्या. शेतकी अधिकाऱ्यांनी एकदा फोनवर विचारलं, "उतारा ९.४ आला तर तुमचं सॉफ्टवेअर काय धरतं?" मला उत्तर द्यायला पाऊण तास लागला. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न होता आणि मी कोड उपसत बसलो होतो. त्या दिवशी ठरवलं.

आताची मांडणी अशी. एपीआयचं वर्णन एका यामल (YAML) फाइलमध्ये. जनरेटर त्यातून कंट्रोलर, इंटरफेस आणि मॉडेल क्लास बनवतो. आम्ही डेलिगेट पॅटर्नचा पर्याय (कंट्रोलर आलेलं काम दुसऱ्या क्लासकडे सोपवतो) चालू ठेवलाय, त्यामुळे आमचा क्लास फक्त डेलिगेट इंटरफेस राबवतो. एखादी पद्धत (मेथड) लिहायची राहिली तर ५०१, म्हणजे 'हे राबवलेलं नाही', असं उत्तर येतं, म्हणजे विसरलेलं लपत नाही. मॉडेलमधून एंटिटीत (डेटाबेसच्या तक्त्याशी जोडलेल्या क्लासमध्ये) माहिती नेणारा कोड मॅपस्ट्रक्ट कंपाइल होतानाच तयार करतं. आणि मधोमध 'नियम' नावाचं पॅकेज, ज्यात स्प्रिंगची एकही ओळ नाही. ती शिस्त आर्कयुनिटची (कोडची रचना तपासणाऱ्या साधनाची) टेस्ट पाळून घेते. नियम पॅकेजमधून कुणी स्प्रिंगचा किंवा जनरेट झालेला क्लास आयात केला की बिल्ड लाल.

पहिल्याच पंधरवड्यात दणका बसला. यामलमध्ये रकमेच्या रकान्याला मी 'नंबर' लिहून पुढे फॉरमॅट 'डबल' दिला होता. जनरेटरने सांगितल्याप्रमाणे डबल बनवला. वजन टनात तीन दशांशांपर्यंत, दर दोन दशांशांपर्यंत, गुणाकार पैशात बसवायचा. डबलमध्ये १.००५ ला १०० ने गुणलं की १००.५ येत नाही, १००.४९९९९९९९९९९९९९ येतं, आणि पैसा खाली पडतो. काही बिलं एकेका पैशाने चुकली आणि बँकेच्या यादीशी बेरीज जुळेना. फॉरमॅट काढून टाकला की तोच जनरेटर बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) देतो. दुरुस्ती एका शब्दाची होती, पण तो शब्द यामलमध्ये होता आणि आम्ही तिघंही जावात शोधत होतो. म्हणून यामल ही कागदपत्रांची फाइल मानू नका, तो कोडच आहे. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारण्याआधी तपासताना, ती तितक्याच बारकाईने वाचा.

मॅपस्ट्रक्टमध्ये न जोडलेल्या रकान्याला मुळात फक्त इशारा मिळतो. तो बदलून 'एरर' करा, पहिल्या दिवशी करा. आम्ही उत्तरात 'हार्वेस्टर तोडणी' हा रकाना वाढवला तेव्हा तो कुठून भरायचा हे सांगेपर्यंत बिल्ड पुढे सरकली नाही. पूर्वी असा रकाना रिकामाच गेला असता आणि तो शेतकऱ्याच्या पावतीवर दिसला असता.

मात्र याच साधनात एक चोरवाट आहे. मॅपिंगमध्ये 'एक्स्प्रेशन' लिहून जावाची ओळ अवतरणात टाकता येते. मार्चअखेरच्या गडबडीत आमच्याकडे कुणीतरी तिथे कपातीचं गणित घातलं. आर्कयुनिटला ते दिसत नाही, आयडीईला (कोड लिहायच्या साधनाला) नाव बदलताना सापडत नाही. अशी तीन ठिकाणं सापडली. आता एक्स्प्रेशन लिहायचंच नाही असा नियम केलाय, आणि तो माणसांनीच पाळायचा आहे.

जनरेट झालेल्या फाइल आम्ही गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवत नाही. नव्या सहकाऱ्याने सुरुवातीला त्यात हाताने बदल केला होता आणि पुढच्या क्लीन बिल्डला त्याची अर्ध्या दिवसाची मेहनत पुसली गेली. जनरेटरची आवृत्तीही पोममध्ये (बिल्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) पक्की करून ठेवा, कारण आवृत्ती बदलली की तयार होणाऱ्या कोडचं रूप बदलू शकतं. जनरेटर ज्यांवरून कोड लिहितो ती मस्टॅश टेम्प्लेट स्वतः बदलायच्या फंदात आम्ही पडलो आणि परत फिरलो. तीन माणसांच्या टीमला ते ओझं झेपत नाही.

खरी परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. एफआरपी हप्त्यांनी द्यायची मुभा देणारा फेब्रुवारी २०२२ चा राज्याचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा आणि रक्कम किती हप्त्यांत द्यायची, हे दोन्ही पालटलं. आमचे बदल झाले चार फाइलमध्ये, चारही नियम पॅकेजमधल्या. यामल, मॅपर, कंट्रोलर कशालाच हात लागला नाही. २०२५-२६ साठी दर ३५५ झाला, वाढ ३.४६ झाली, तेव्हा तर आकडेच बदलले. मला वाटतं, या साधनांमुळे वाचलेला टायपिंगचा वेळ ही किरकोळ गोष्ट आहे.

या हंगामाआधी एफआरपीचा क्लास छापून शेतकी अधिकाऱ्यांसमोर ठेवला. जेमतेम दीड पान, पद्धतींची नावं 'उतारा', 'मूळदर', 'तोडणीवाहतूक' अशी. त्यांना जावा येत नाही. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं, बोट ठेवत खाली आले आणि तोडणी-वाहतुकीच्या ओळीवर थांबले. "इथे तुम्ही गटाची सरासरी धरलीय. आपण सगळ्या कारखान्याची धरतो." बरोबर होतं त्यांचं. दुपारपर्यंत ती ओळ बदलली, टेस्ट लिहिली, आणि ते पान त्यांनी आपल्या फायलीत लावून घेतलं.