फ्री डिशला एचडी बॉक्स लावायचा की महिन्याची डिश घ्यायची? बेळगावकडच्या घरांसाठी

आमच्याकडं सध्या बऱ्याच घरांत मोठा टीव्ही आलाय आणि त्याला अजून तोच जुना फ्री डिशचा बॉक्स, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना खुपसलेला. मग चित्र धुरकट दिसतंय म्हणून टीव्हीच्या दुकानदाराला शिव्या. टीव्हीचा काही दोष नाही हो, तो बॉक्स एमपेग-2 चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा आहे, त्यात एचडी उतरणारच नाही. आता पुढं वाटा दोन. एक तर त्याच छत्रीला एमपेग-4 चा, म्हणजे नव्या पद्धतीचा बॉक्स लावायचा, चित्र-आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय वायर टाकायची, आणि टीव्ही स्मार्ट नसेल तर मागं नेटवरचं दाखवणारी एक स्टिक. नाहीतर सरळ महिन्याच्या रिचार्जची डिश, एचडी पॅक आणि त्यांचे ते इंटरॅक्टिव्ह चॅनल, आरती, स्वयंपाक, गेम, इंग्रजी शिका वगैरे. दोन्ही आमच्या घरात होऊन गेलंय.

चित्राचं आधी सांगतो, म्हणजे मी एका बाजूनं बोलतोय असं नको वाटायला. महिन्याच्या डिशवर स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी तिन्ही एचडीत बघायला भारी वाटतात, यात वादच नाही. फ्री डिशवर एचडी म्हणजे मुख्यतः दूरदर्शनचेच डीडी नॅशनलसारखे मोजके चॅनल. आणि खाजगी चॅनल तिथं लिलावातून स्लॉट, म्हणजे जागा घेऊन येतात, त्यामुळं आज आहे ते उद्या असेलच असं नाही. 2022 च्या 1 एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल सगळे एकदम गेले होते, तेव्हा गल्लीत काय आरडाओरडा झाला म्हणता. मराठीचंही तसंच, कधी दोन जास्त कधी दोन कमी, सह्याद्री तेवढं पक्कं.

पण क्रिकेटचं उलटं आहे बघा. 2007 च्या कायद्यानं भारताच्या महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला द्यावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शननं स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा. म्हणून पैसे भरून घेतलेल्या डिशवर डीडी स्पोर्ट्स लावला की ऐन मॅचच्या वेळी दुसरंच काहीतरी चाललेलं असतं, आणि शेजारी फ्री डिशवाला फुकटात सिक्स बघून ओरडतोय.

पावसाचं म्हणाल तर दोघांचंही सारखंच रडगाणं, दोन्ही केयू बँड, म्हणजे पावसात कमजोर पडणाऱ्या लहरी. जुलैत खानापूर-जांबोटीकडं तर सिग्नल कधी आहे ते विचारा. माझा अनुभव असा की एचडी आधी तुटतं, साधे चॅनल जरा तग धरतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडं एवढा त्रास नसावा.

आता इंटरॅक्टिव्ह. छत्री फक्त वरून घेते, परत काही पाठवत नाही, त्यामुळं डिशवरचं इंटरॅक्टिव्ह म्हणजे बऱ्यापैकी फिरून फिरून तेच लागलेलं, तुम्ही बटण दाबून आठातलं एक निवडायचं एवढंच. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूवर, म्हणजे तिकडच्या अँटेनावरच्या फुकट टीव्हीवर, बीबीसीचं लाल बटण दाबून उघडणारं इंटरॅक्टिव्ह कधीपासून फुकटात आहे, 2009 च्या शेवटी तिथं एचडीही आलं, पण त्यांच्याकडंही खरं मागं-पुढं जाऊन बघायचं तर टीव्हीला नेट लागतंच. म्हणजे नेट घ्यायचंच आहे, तर मग आरतीच्या चॅनलला वेगळे पैसे कशाला? प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यात लाइव्ह चॅनल आहेत आणि मराठी, कन्नड दोन्ही आहे. ॲप अजून जरा सुस्त वाटतं मला, पण चालतंय की.

आता माझं मन जिथं फिरलं ते. आमच्या घरात आईला मराठी मालिका लागतात, बायको चिकोडीकडची, कन्नड शाळेत शिकलेली, तिला कन्नड मालिका. सीमाभागात हे घरोघरी आहे, नवल काही नाही. पण महिन्याच्या डिशवाल्यांचा हिशोब पिनकोडवर. आमची कंपनी कुठली ते सोडा, पण पत्ता 590 नाहीतर 591 चा दिसला की कर्नाटक, म्हणजे कन्नड पॅक. मराठी मागितलं की महाराष्ट्राचा पॅक लावतात, मग कन्नड गायब. दोन्ही हवं तर एकेक चॅनल वेगळा, आणि टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या ट्रायच्या तेव्हाच्या मोजणीत एक एचडी म्हणजे दोन साधे चॅनल. वर चॅनल घरापर्यंत पोचवायची नेटवर्क फी वेगळी, पूर्वी 200 चॅनलला जीएसटी धरून साधारण 153 रुपयांच्या पुढं नव्हती, 2024 मध्ये ती मर्यादाही उठली. पैसे एक वेळ दिले असते हो, पण रिचार्ज दोन दिवस चुकलं की परत चालू होताना पॅक मूळ पदावर, आईचं चॅनल गायब, ती माझ्याकडं बघणार, मी कस्टमर केअरला, तिथला पोरगा आधी कन्नडात मग हिंदीत विचारणार ‘सर, मराठी तुमच्या रीजनमध्ये नाही ना?’ आता बेळगावात बसून याला काय उत्तर द्यायचं.

फ्री डिशला पिनकोड नाही. सह्याद्री आणि दूरदर्शनचं कन्नड चॅनल चंदना एकाच रिमोटवर, बाकी मालिका नेटवर, ज्याला जी भाषा. इनपुट बदलायचं आईला शिकवावं लागलं, सुरुवातीला चिडायची, आता माझ्यापेक्षा फास्ट करते.

तरी तुमच्याकडं नेट धड येत नसेल आणि घरात एकाच भाषेचं बघत असतील, तर महिन्याची डिश वाईट नाही, घ्या. फक्त जोडणीवाला छतावर असतानाच पॅकमधले चॅनल टीव्हीवर एकेक लावून बघा. आणि फ्री डिशचं ठरवलं तर खोक्यावर एमपेग-4 आणि मागं एचडीएमआयचं भोक बघूनच पैसे द्या, छत्री जुनीच चालेल, आग्नेयेला, 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 उपग्रहाकडं तोंड आहे का तेवढं बघा, आणि एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा, गंजला असेल तर तो मात्र बदलाच.