'ब्लॅकमेल': कसलेले नट, नामी कल्पना आणि सुटलेली पकड

कन्नड, मराठी आणि हिंदी असे तिन्ही भाषांतले चित्रपट सारख्याच आवडीने पाहणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या प्रेक्षकाला 'ब्लॅकमेल' या हिंदी चित्रपटाविषयी उत्सुकता वाटावी, अशी कारणे पुष्कळ होती. रमेश देव आणि सीमा देव ही जोडी सीमाभागातल्या मराठी घरांत आजही जिव्हाळ्याने आठवली जाते. त्यांचे चिरंजीव अभिनय देव यांनी २०११ मध्ये 'डेल्ही बेली'सारखा बेधडक विनोदी गुन्हेपट दिला होता, आणि एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या, त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात तर मुख्य भूमिकेत इरफान खान होते. टिळकवाडीतल्या स्नेह्यांकडे तो अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हाही हळहळ वाटली ती याचीच, की एवढे सगळे हाताशी असताना चित्रपट मधल्या वाटेवरच दम सोडतो.

देव कौशल हा टॉयलेट पेपर विकणाऱ्या कंपनीतला साधा नोकरदार. कर्जाच्या हप्त्यांनी तो पिचलेला आहे आणि संसारातला ओलावा केव्हाच आटला आहे. एके दिवशी बायकोला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून गुलाबाची फुले घेऊन तो लवकर घरी येतो आणि रीनाला तिच्या प्रियकराबरोबर पाहतो. या प्रसंगी इरफान जे करतात, ते अभिनय शिकणाऱ्याने मुद्दाम पाहावे. चेहऱ्यावर ना संताप येतो, ना डोळ्यांत पाणी. नजर तेवढी थिजते. त्या दोघांना ठार मारण्याची दृश्ये त्याच्या मनात तरळून जातात, पण हातून घडते ते निराळेच: निनावी राहून तो त्या प्रियकराकडे, रणजितकडे, एक लाख रुपयांची मागणी करतो.

पुढची गुंफण खरोखर नामी आहे. रणजित बायकोच्या माहेरच्या पैशावर जगणारा. तो रक्कम भागवण्यासाठी रीनाकडे हात पसरतो, रीना खोटे कारण सांगून नवऱ्याकडे पैसे मागते, आणि देवने उकळलेले पैसे असे फिरून देवच्याच घरातून बाहेर पडतात. हातउसन्या पैशांवर महिन्याची तोंडमिळवणी करणाऱ्या माणसाला हा फेरा समजावून सांगावा लागत नाही. लेखक परवेझ शेख यांनी येथे विनोद शब्दांतून न काढता व्यवहारातून काढला आहे, आणि म्हणूनच तो बोचतो.

दुर्दैवाने हा फेरा पुरता आवळण्याआधीच चित्रपट नवनवी माणसे त्यात ओढू लागतो. कचेरीतला मित्र आनंद, सहकारी प्रभा, खासगी गुप्तहेर चावला, ज्याला गुपित कळते तो खंडणी मागतो. पहिल्या खेपेस हसू येते. तीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरल्यावर पुढे काय होणार, हे पडद्यावर घडण्याआधीच लक्षात येते. काळ्या विनोदात गळफास एकाच माणसाच्या गळ्याभोवती आवळत जायला हवा, तरच हसताना अंगावर काटा येतो. येथे तो फास इतक्या जणांत वाटला जातो, की देवच्या मनात काय चालले आहे, तो सूड घेतो आहे की नुसता हप्ता फेडतो आहे, हा मूळ प्रश्नच बाजूला पडतो. प्रभाच्या मृत्यूनंतर त्याचे मन कितपत हादरले, हे दाखवायलाही पटकथा थांबत नाही. माझ्या मते चित्रपटाचे सर्वांत मोठे अपयश तेच आहे. ओमी वैद्य यांनी रंगवलेल्या मालकाचे कंपनीतले प्रसंग तर सरळ कापून टाकता आले असते. सव्वादोन तासांहून लांबलेल्या या चित्रपटाला कात्रीची नितांत गरज होती.

नटांना मात्र बोल लावता येणार नाही. अरुणोदय सिंग यांनी रणजितचा आडदांड भित्रेपणा नेमका पकडला आहे. दारूच्या नशेत नवऱ्याचा पाणउतारा करणारी दिव्या दत्ता यांची डॉली, म्हणजे रणजितची बायको, थोड्याच दृश्यांत येते, पण प्रत्येक वेळी पडदा व्यापून टाकते. अनुजा साठे यांनी प्रभाचा साळसूद लोभ फार बारकाईने दाखवला आहे. कीर्ती कुल्हारी यांच्या वाट्याला मात्र अन्याय आला आहे. रीना या नात्यात का गुंतली, हे सांगणारा एखादा धड प्रसंगही तिला मिळालेला नाही.

विनोद बऱ्याच ठिकाणी प्रौढांसाठीचा असल्याने मुलाबाळांसह पाहण्याजोगा हा चित्रपट नाही. इरफान यांच्या चाहत्यांनी मात्र तो चुकवू नये, आणि निदान मध्यंतरापर्यंत तरी अवश्य पाहावा.